बातमी पाठवितांना



"काय विशेष?" हा आपल्या मराठी माणसाचा नित्याचा प्रश्न आहे. दोन ओळखीचीं माणसें रस्त्यांत भेटलीं, कीं क्षेमकुशलाचे दोन शब्द होतात आणि लगेच हा प्रश्न येतो. त्याच्या उत्तरांत जी बातमी सांगितली जाते, ती कोणी तरी समोर उभा राहून सांगत असतो. ती त्यानें कोठें ऐकली, हें तो न विचारतां सांगतो, आणि ऐकणाराला शंका आली तर "खरें कां हो?" असें तो तेथल्या तेथें विचारूं शकतो.

आतां ह्या जुन्या व्यवहारास एक नवें साधन मिळालें आहे. प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे, आणि त्यांत व्हॉट्सॲपचे पांचदहा ग्रुप आहेत. एक गल्लीचा, एक नातेवाइकांचा, एक जुन्या विद्यार्थ्यांचा, एक भिशीचा, एक भजनी मंडळाचा. ह्या ग्रुपांवर दिवसभर बातम्यांच्या लिंका येऊन पडत असतात. अशी लिंक दुसऱ्यास पाठवितांना कोणता शिष्टाचार पाळावा, आणि त्या संबंधांत कोणास कांहीं विनंती करावयाची असेल तर ती कोणत्या शब्दांत करावी, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय लहान दिसतो. मलाही तो लहानच वाटत होता. तो लहान नाहीं, हें मला माझ्याच एका चुकीनें शिकविलें. म्हणून प्रथम ती चूक सांगतों.

ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेला जो महापूर आला, त्याच्या आठवणीनें सांगली-मिरजेच्या लोकांच्या अंगावर अद्याप कांटा येतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फुटांची धरतात. त्या वर्षीं तेथें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. ८ ऑगस्ट रोजीं ब्रह्मनाळ येथें, पुरांतून लोकांस बाहेर काढणारी नाव उलटून माणसें बुडालीं. दोन वर्षांनीं, म्हणजे जुलै २०२१ मध्यें, पुन्हां तसाच पाऊस लागला आणि कृष्णा पुन्हां धोक्याची पातळी ओलांडून चढूं लागली. २३ जुलैच्या रात्रीं आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एका वर्तमानपत्राच्या बातमीची लिंक आली. तिच्याबरोबर मथळा दिसत होता: पूर ओसरूं लागला, नागरिकांस दिलासा. दिवसभराच्या चिंतेनंतर तो मथळा वाचून मला फार बरें वाटलें. त्या आनंदाच्या भरांत मीं ती लिंक उघडली नाहीं. तशीच जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पाठविली, आणि वर स्वतःचे दोन शब्द लिहिले: "काळजी नसावी."

कृष्णाघाटाच्या बाजूस राहणारा माझा एक जुना विद्यार्थी त्या वेळीं घरांतील सामान माडीवर नेत होता. ज्वारीचीं पोतीं वर गेलीं होतीं. पत्नीचें शिलाईचें मशीन व मुलांचीं वह्यापुस्तकें न्यावयाचीं राहिलीं होतीं. गुरुजींनीं काळजी नसावी असें लिहिलें आहे, हें पाहून त्यानें हात थांबविला. सगळीं माणसें दमलेलीं होतीं, तीं निजलीं. पहाटे जाग आली तेव्हां पाणी उंबऱ्याच्या आंत आलें होतें. माणसें सुखरूप राहिलीं, ही देवाची कृपा. मशीन आणि वह्यापुस्तकें पाण्यांत गेलीं.

मीं पाठविलेली बातमी खोटी नव्हती. ती अगदीं खरी होती. मात्र ती ऑगस्ट २०१९ ची होती.

पाणी उतरल्यावर आठ दिवसांनीं तो विद्यार्थी माझ्या घरीं आला. त्यानें माझी प्रकृति विचारली, चहा घेतला, आणि मग मोबाइल काढून म्हणाला, "गुरुजी, एक विचारूं कां? ह्या बातमीवर तारीख कोठें असते, तें जरा पाहतां कां?" आम्हीं दोघांनीं लिंक उघडली. तारीख मथळ्याच्या खालींच बारीक अक्षरांत होती. ती वाचून माझी मान खालीं गेली. मीं विचारलें, "अरे, हें तुला कधीं कळलें?" तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशीं सकाळीं. माडीवर बसून पाहिली." "मग तेव्हांच ग्रुपवर कां नाहीं लिहिलेंस?" ह्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तेथें दीडशें माणसें आहेत, गुरुजी. सगळ्यांच्या देखत तुम्हांला कसें म्हणायचें?"

त्याच्या अदबीचें मला त्या क्षणीं कौतुक वाटलें. रात्रीं विचार करूं लागलों, तेव्हां मात्र भीति वाटली. दीडशें माणसांच्या समोर एक चुकीचा दिलासा आठ दिवस तसाच पडून राहिला होता. मीं तो न वाचतां पाठविला, हा माझा दोष. परंतु तो कोणी दुरुस्त केला नाहीं, ह्याचें कारण असें, कीं चूक सभ्यपणें कशी दाखवावी आणि सभ्यपणें कशी स्वीकारावी, ह्याची रीतच आम्हीं त्या ग्रुपवर घातलेली नव्हती. तेव्हांपासून माझें असें मत झालें आहे, कीं बातमी पाठविण्याचा शिष्टाचार हा नुसता शोभेचा अलंकार नाहीं. बातमीची पारख करण्याची वाट मोकळी राहावी, ह्यासाठीं तो आहे.

हा शिष्टाचार आपल्या पूर्वजांस ठाऊक होता. वासुदेवशास्त्री खरे हे आमच्या मिरजेच्या हायस्कुलांत शिक्षक होते. पटवर्धन घराण्याच्या दप्तरांतील जुने कागद वाचून, लावून, १८९७ सालापासून त्यांनीं 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पेशवाईंतील सरदार, वकील आणि कारकून एकमेकांस जीं वर्तमानें कळवीत, तीं त्या संग्रहांत सांपडतात. त्या काळच्या पत्रांची रीत पाहण्यासारखी आहे. आरंभीं कोणी कोणास लिहिलें, हें मायन्यांत येतें. अमुक गोष्ट समक्ष पाहिली, अमुक जासुदानें आणली, अमुक नुसती ऐकण्यांत आली, असा भेद चांगला लेखक करतो. लोकांच्या तोंडीं उठलेल्या अशा बातमीस 'आवई' असा वेगळा शब्दच होता. अखेरीस 'छ' हें अक्षर घालून चंद्राची तारीख येते. आणि मग "हे विज्ञापना" म्हणून पत्र संपतें. कोण सांगतो, कशावरून सांगतो, केव्हांचें सांगतो, आणि वाचणारानें काय करावें अशी इच्छा आहे, ह्या चारही गोष्टी त्यांत येऊन गेल्या. ही काळजी घेण्याचें कारण उघड आहे. त्या पत्रावर विसंबून पलीकडचा मनुष्य फौज हलविणार असे, किंवा नदी उतरणार असे.

पुढें टपाल आलें, तार आली. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून माणूस शब्द तोलून लिही, आणि लिहिण्यापूर्वीं ही बातमी कळविण्याजोगी आहे कीं नाहीं, ह्याचा विचार करी. ही तारसेवा आपल्या देशांत जुलै २०१३ मध्यें बंद झाली. आज बातमी पाठवावयास पैसा लागत नाहीं, शाई लागत नाहीं, चालत पेटीपर्यंत जावें लागत नाहीं. बोट लावलें कीं काम झालें. पूर्वीं खर्च आणि कष्ट आपल्याला थांबवीत असत; आतां आपलें आपणच थांबावयाचें आहे.

लिंक पाठविली म्हणजे काय होतें, हें थोडें समजून घेऊं. लिंक हा बातमीचा केवळ पत्ता आहे. ती ग्रुपवर पडली, कीं तिच्याबरोबर एक लहानसा चौकोन दिसतो. त्यांत मथळा, एखादें चित्र आणि वर्तमानपत्राचें किंवा संस्थेचें नांव येतें. बातमीची तारीख त्यांत बहुधा येत नाहीं. ग्रुपवर जी वेळ दिसते, ती पाठविण्याची वेळ असते, बातमीची नव्हे. म्हणून मथळ्यांत "आज" किंवा "उद्यां" असा शब्द असला, तर जितक्या वेळां ती लिंक पाठवावी तितक्या वेळां तो "आज" नवा होतो. दोन वर्षांपूर्वींचा दिलासा माझ्या हातून ताजा झाला, तो असा. शिवाय एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातां जातां मूळ पाठविणाराचें नांव गळून जातें. शेवटीं ती बातमी कोणाचीच राहत नाहीं, आणि जी कोणाचीच नाहीं तिच्याबद्दल प्रश्न तरी कोणास विचारावा?

ह्याचा परिणाम कोठवर जाऊं शकतो, ह्याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें आहे. २०१८ च्या उन्हाळ्यांत मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश गांवोगांव पसरले होते. त्या सुमारास देशांत फिरलेली एक चित्रफीत तर मूळची कराचीची होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयीं पालकांस जागें करण्याकरितां ती तेथें तयार केली होती आणि तिच्या शेवटीं तसा खुलासाही होता. तो शेवटचा भाग कापून टाकून, प्रत्यक्ष घडलेला प्रकार म्हणून ती पुढें पाठविली गेली. अशा हवेंत १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत, राईनपाडा ह्या गांवीं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं पांच भिक्षेकरी माणसें बाजाराच्या दिवशीं आलीं. मुलें पळविणारे समजून जमावानें त्यांस मारहाण केली आणि पांचही जणांचा जीव घेतला. त्यांतले बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतील, मंगळवेढें तालुक्याकडचे होते. त्या समाजाचीं माणसें भिक्षेसाठीं पिढ्यान्‌पिढ्या गांवोगांव हिंडत आलीं आहेत.

ज्यांनीं ते संदेश पुढें पाठविले, त्यांतील बहुतेकांचा हेतु वाईट नसावा. आपल्या लेकरांची काळजी म्हणूनच त्यांनीं ते पाठविले असतील. मींही काळजीपोटींच पाठविलें होतें. हेतु चांगला असल्यानें बातमी खरी होत नाहीं, आणि खरी बातमी ताजी होत नाहीं.

त्याच जुलै महिन्यांत व्हॉट्सॲपच्या चालकांनीं, दुसऱ्याकडून आलेल्या संदेशावर तशी खूण दिसूं लागेल अशी सोय केली, आणि भारतांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं संदेश पुढें पाठवितां येऊं नये असा निर्बंध घातला. एप्रिल २०२० पासून, जो संदेश अनेक हातांतून फिरून आला आहे, तो एका वेळीं एकाच ठिकाणीं पाठवितां येतो. हे उपाय योग्यच आहेत. परंतु यंत्र केवळ संख्या मोजूं शकतें. विवेक आपल्यालाच करावा लागतो.

तर मग करावें काय? मीं माझ्यापुरते जे नियम केले आहेत, ते सांगतों.

पहिला नियम असा, कीं जी बातमी स्वतः शेवटपर्यंत वाचली नाहीं, ती पाठवूं नये. दुसरा असा, कीं नुसती लिंक टाकूं नये. तिच्यावर आपल्या शब्दांत दोन ओळी लिहाव्या. बातमी कोणत्या वर्तमानपत्राची किंवा कचेरीची आहे, कोणत्या तारखेची आहे, आणि ह्या मंडळींस ती कां पाठवीत आहें, हें त्यांत यावें. हीं दोन वाक्यें लिहितां येत नसतील, तर ती बातमी पाठविण्याची आपली तयारी झालेली नाहीं असें समजावें. तिसरा असा, कीं शक्य तोंवर मूळ लिंकच पाठवावी; बातमीच्या पानाचें छायाचित्र किंवा सबंध मजकूर उतरून पाठवूं नये. वर्तमानपत्रानें पुढें चूक सुधारली, तर लिंक उघडणारास सुधारलेलें दिसतें. छायाचित्रांतील चूक मात्र जन्मभर तशीच राहते. शिवाय बातमी मिळविणाराच्या श्रमाचा मोबदला त्याला वाचकांकडूनच मिळावयाचा असतो. वर्गणी भरून वाचावयाचें पत्र फुकट वांटणें हें सौजन्यांत बसत नाहीं.

चौथा नियम प्रसंगाचा आहे. भजनी मंडळाच्या ग्रुपवर राजकारणाची बातमी, किंवा कोणाच्या घरीं दुःख झालें असतां त्याच वेळीं थट्टेचा मजकूर टाकणें, हें भरल्या घरांत चपला घालून शिरण्यासारखें आहे. अपघाताची किंवा मृत्यूची बातमी असेल, तर तिच्यांत नांव आलेल्या माणसाच्या घरच्यांस ती आधीं कळली आहे कीं नाहीं, ह्याचा विचार करावा. दुःखाच्या पत्राचा कोपरा फाडून ठेवण्याची चाल आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. वाचणाराच्या मनाची तयारी व्हावी, एवढाच तिचा उद्देश असे. तेंच काम आज "बातमी दुःखद आहे" ह्या तीन शब्दांनीं होतें.

आतां विनंतीच्या भाषेविषयीं. मी शाळेंत व्याकरण शिकवीत असें, तेव्हां मुलांस सांगत असें, कीं मराठींत विनय क्रियापदांत असतो. "वाचा" हा आज्ञार्थ आहे, "वाचावें" हा विध्यर्थ आहे, "वाचाल कां?" हा प्रश्न आहे, आणि तो समोरच्यास नाहीं म्हणण्याची मुभा देतो. ग्रुपवर येणारे संदेश पाहिले, तर "ताबडतोब वाचा", "सर्व ग्रुपांवर पाठवा", "खरे मराठी असाल तर पुढें पाठवा" असा हुकुमांचा भडिमार दिसतो. जो संदेश विचार करण्यास वेळ देत नाहीं, त्याच्याविषयीं निदान एक शंका मनांत यावी. खऱ्या बातमीला धमकीची गरज नसते.

मीं त्या रात्रीं काय लिहावयास हवें होतें, तें आतां सांगतों. असें लिहावयास हवें होतें: "मंडळी, नमस्कार. नदीच्या पातळीविषयीं ही बातमी अमुक पत्रांत अमुक तारखेस आली आहे. मीं ती पूर्ण वाचली आहे. नदीकांठच्या मंडळींनीं मात्र हिच्यावर विसंबून न राहतां पाटबंधारे खात्याची व महापालिकेची ताजी सूचना पाहावी. कोणास अधिक माहिती असल्यास कृपा करून येथें लिहावी. माझें कांहीं चुकलें असल्यास अवश्य सांगावें." एवढें लिहूं लागलों असतों, तर तारीख शोधावी लागली असती, आणि तारीख सांपडली असती, तर पुढचें लिहावेंच लागलें नसतें.

त्यांतील शेवटचें वाक्य मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. वडीलधाऱ्या माणसानें तें आवर्जून लिहावें. कारण आपल्या समाजांत धाकट्यानें थोरल्याची चूक चारचौघांत दाखविणें कठीण असतें. तें सोपें करून देणें हें थोरल्याचें काम आहे. चूक दाखविणारानेंही शब्द जपून वापरावे. "खोटें पसरवूं नका" असें म्हटलें, कीं मनुष्य चिडतो आणि चुकीस अधिक घट्ट धरतो. "आपण पाठविलेली बातमी वाचली. ती २०१९ ची दिसते. कृपया एकदां तारीख पाहाल कां?" असें लिहिलें, तर त्यास आपली चूक आपणच सुधारण्यास जागा राहते. आधीं खाजगी निरोप द्यावा, हें उत्तम. पण पूर, साथ, दंगा असा प्रसंग असेल, तर भीड धरून थांबूं नये. तेथल्या तेथें, सौम्य शब्दांत, सर्वांस दिसेल असें लिहावें. आणि ज्याची चूक झाली, त्यानें संदेश गुपचूप पुसून टाकूं नये. ज्यांनीं तो वाचला असेल, त्यांच्या मनांतून तो पुसला जात नाहीं. जेथें चूक केली तेथेंच "माझी चूक झाली, ती बातमी जुनी होती" असें लिहावें. मीं तें लिहिलें. आठ दिवस उशिरा लिहिलें, ह्याचें वाईट वाटतें.

ग्रुप चालविणारास ॲडमिन म्हणतात. सभासदानें टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन म्हणून त्याला जबाबदार धरतां येत नाहीं, असें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२१ सालीं म्हटलें आहे. कायद्याची गोष्ट ती झाली. परंतु बैठकीच्या घरमालकाला जसें पाहुण्यांकडे लक्ष ठेवावें लागतें, तसें त्यालाही ठेवावें लागतें. ग्रुपचे दोनतीन साधे नियम त्यानें आरंभींच विनंतीच्या शब्दांत लिहून ठेवावे, म्हणजे पुढें कोणास टोंकण्याचा प्रसंग आला तरी तो वैयक्तिक राहत नाहीं.

शेवटीं त्या विद्यार्थ्याच्या घरची गोष्ट पुरी करतों. मशीनच्या दुरुस्तीचे पैसे घेऊन मी त्यांच्या घरीं गेलों होतों. त्याच्या पत्नीनें ते घेतले नाहींत. ती म्हणाली, "पैसे राहूं द्या, गुरुजी. पुढच्या वेळीं तारीख तेवढी लिहाल कां?"

तिनें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं, आणि मागावयाचें तें मागून घेतलें. तेव्हांपासून मी तारीख लिहितों. तिची तीच विनंती मी आज आपणां सर्वांपुढें ठेवितों.